चार जड धातू एकाच मातीत : झाड कोणता उचलते, कोणता अडवते आणि तग कसे धरते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : जमिनीच्या तपासणीत किलोमागे कॅडमियम 3 मिलिग्रॅम, शिसे 400, जस्त 700 आणि आर्सेनिक 30 असे आकडे आले आहेत. एकेका धातूबद्दल भरपूर वाचायला मिळते. अमुक झाड कॅडमियम ओढते, तमुक नेचा आर्सेनिक साठवतो. पण चारही एकत्र असले की झाड जास्त शोषते की कमी, आणि चारही पेलणारे एखादे झाड आहे का, याचे उत्तर सापडत नाही. शिवाय त्या जमिनीवर काही झाडे हिरवीगार वाढताहेत, तेव्हा माती वाटते तितकी वाईट नसावी का, हेही तुम्ही विचारले आहे.

दूषित जमिनी पुन्हा वापरात आणण्याच्या कामात मी बरीच वर्षे आहे. हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत समोर येतो, कारण निव्वळ एकाच धातूने बिघडलेली जमीन प्रत्यक्षात फार क्वचित भेटते. खनिजांतच धातू जोडीने असतात, त्यामुळे प्रदूषणही जोडीने येते. संशोधनातले प्रयोग मात्र बहुतेक एकेका धातूचे असतात. त्या निष्कर्षांची नुसती बेरीज करून मिश्रणाचे उत्तर निघत नाही. तरीही सगळे अंदाजपंचे नाही. धातू एकमेकांच्या वाटेत येतात ते तीन ठिकाणी : मातीतल्या पाण्यात, मुळाच्या पेशीपटलावर आणि पेशीच्या आत. प्रत्येक ठिकाणी विचारायचे एवढेच, की या दोन धातूंची वाट एकच आहे का. वाट एक असेल तर एकाचा परिणाम दुसऱ्यावर होणार. वेगळी असेल तर बहुधा नाही. मी कुठल्याही मिश्रणाचा विचार याच क्रमाने करतो.

आधी माती. तुमच्या अहवालातले आकडे एकूण धातूचे दिसतात, म्हणजे अम्लराजात (तीव्र आम्लांच्या मिश्रणात) माती उकळून काढलेले. मुळाला हा एकूण आकडा कधीच दिसत नाही. मातीच्या कणांभोवतीच्या पाण्यात त्या क्षणी जेवढा धातू विरघळलेला आहे, आणि मुळाने उचलल्यावर कणांवरून सुटून जेवढा पुन्हा पाण्यात येऊ शकतो, तेवढाच मुळाच्या वाट्याला येतो. चिकणमाती, लोह-मँगनीजची ऑक्साइड आणि सेंद्रिय पदार्थ धातू धरून ठेवतात, पण धरून ठेवायच्या जागा मर्यादित असतात. शिसे आणि तांबे या जागांना घट्ट चिकटतात. कॅडमियम आणि जस्त त्यामानाने सैल बसतात. त्यामुळे शिसे किंवा तांबे भरपूर आले की कॅडमियम जागेवरून ढकलले जाते आणि पाण्यात उतरते. 'शिशामुळे झाडातले कॅडमियम वाढले' असे निष्कर्ष वाचाल तेव्हा हे आठवा. अनेकदा तो परिणाम झाडात घडलेलाच नसतो, तो मातीत घडलेला असतो. याची पडताळणी सोपी आहे. तेच दोन धातू मातीशिवाय, पोषक द्रावणात देऊन पाहायचे. तिथे वाढ दिसली नाही तर कारण मातीत आहे.

आणखी एक गोष्ट प्रयोग वाचताना नेहमी तपासा : धातू कोणत्या क्षाराच्या रूपात घातला होता? शिसे नायट्रेटच्या रूपात दिले तर झाडाला सोबत नत्र मिळते. कॅडमियम क्लोराइड दिले तर सोबत क्लोराइड येते आणि ते कॅडमियमशी जोड बनवून त्याला मातीपासून सोडवते. खारट पाण्यावर वाढलेल्या पिकांत कॅडमियम जास्त सापडते ते याच कारणाने. झिंक सल्फेटमुळे गंधक मिळते, आणि गंधक थेट सहनशीलतेशी निगडित आहे. त्याकडे पुढे येतो. मग मिश्रणाच्या कुंडीत जे दिसले ते धातूंमुळे की क्षारातल्या दुसऱ्या भागामुळे, हे कळायला मार्ग उरत नाही. त्यात ताजा क्षार घातलेली माती आणि वर्षानुवर्षे मुरलेली माती यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ताज्या मातीतला धातू कितीतरी सहज सुटतो.

आता मूळ. कॅडमियम, शिसे, पारा, आर्सेनिक यांची झाडाला काहीच गरज नाही, म्हणून त्यांच्यासाठी खास वाहक प्रथिनेही (पदार्थ पेशीत ने-आण करणारी) नाहीत. ते दुसऱ्याच्या दाराने आत येतात. हे दार कुणाचे, एवढे कळले की मिश्रणाचे अर्धे कोडे सुटते.

कॅडमियम लोह, जस्त आणि मँगनीजच्या दारांनी शिरते. लोह कमी पडले की झाड मुळावर लोहाची वाहके वाढवते. आयआरटी-1 हे त्यांतले सर्वांत अभ्यासलेले. पण हे वाहक निवडक नाही. लोहासोबत ते जस्त, मँगनीज, कोबाल्ट आणि कॅडमियमही आत घेते. म्हणून लोहाची कमतरता असलेले झाड त्याच मातीतून जास्त कॅडमियम उचलते. भातात मुख्य दार मँगनीजचे आहे. कोशिहिकारी या जपानी वाणात आयन किरणांनी उत्परिवर्तन घडवून ओएस-एनरॅम्प-5 हे वाहक निकामी केलेली रोपे 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या दाण्यात कॅडमियम जवळजवळ सापडतच नव्हते. एकच दार बंद करून एवढा फरक पडतो.

आर्सेनिकची वाट अगदी निराळी आहे. हवेशीर मातीत ते आर्सेनेट रूपात असते आणि स्फुरदाच्या वाहकांतून आत जाते, कारण आर्सेनेट आणि फॉस्फेट यांची ठेवण सारखी आहे. पाणथळ मातीत त्याचे आर्सेनाइट होते आणि ते भातात सिलिकॉनच्या वाहकांतून जाते. हे 2008 मध्ये स्पष्ट झाले. सहा-संयुजी क्रोमियम सल्फेटच्या वाटेने शिरते. शिशाला असे सोयीचे दार फारसे नाही. ते मुळाच्या पेशीभित्तिकेलाच चिकटून राहते, आणि पुढे अंतस्त्वचेतला (मुळाच्या आतल्या थरातला) कॅस्परी पट्टा हा अडसर उरलेले अडवतो.

या आधारे तुमच्या चौघांच्या जोड्या लावून पाहा. कॅडमियम आणि जस्त यांची वाट एक, म्हणून स्पर्धा. कॅडमियम आणि आर्सेनिक यांची वाट वेगळी, म्हणून मुळापाशी थेट स्पर्धा नाही. शिसे बहुतांशी बाहेरच. त्यामुळे मिश्रणातली खरी गुंतागुंत मुळापाशी जस्त-कॅडमियमची आहे, आणि मातीत शिसे-कॅडमियमची.

जस्त-कॅडमियमवर जरा थांबतो, कारण इथे गफलत सर्वांत जास्त होते. जस्त कमी असलेल्या जमिनीत गव्हाला जस्त दिले की दाण्यातले कॅडमियम घटते, हे दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या शेतांवर 1990 च्या दशकात चांगले दाखवले गेले. ते वाचून बरेच जण दूषित जमिनीतही झिंक सल्फेट टाकायला निघतात. तुमच्या मातीत जस्त आधीच 700 आहे; आणखी घालून फायदा होणार नाही, झाले तर नुकसानच. जस्ताचा अतिरेक झाला की लोहाच्या वापरात बिघाड होतो. नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. लोहाची भूक लागलेले मूळ लोहाची दारे वाढवते, आणि त्याच दारांतून कॅडमियम येऊ शकते. म्हणजे तोच जस्त कमी प्रमाणात कॅडमियमला रोखतो, आणि जास्त झाला की त्याला वाट मोकळी करून देऊ शकतो. 'जस्त आणि कॅडमियम परस्परविरोधी' किंवा 'परस्परपूरक' असे सरसकट विधान म्हणूनच चुकते. प्रमाण सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

तुमच्या मातीत जस्त कॅडमियमच्या सुमारे 233 पट आहे. जस्ताच्या खनिजात कॅडमियम सोबत असते आणि जस्त साधारण शंभर-दोनशे पटींच्या घरात असते, त्यामुळे हे प्रदूषण जस्त-शिशाच्या खनिजातून किंवा ते वितळवण्यातून आले असावे असा माझा कयास आहे. अशा प्रमाणाची एक जमेची बाजू असते. बहुतेक पिकांच्या पानांत जस्त कोरड्या वजनावर किलोमागे काही शे मिलिग्रॅमपर्यंत चढले की पीक आजारी दिसू लागते, खुरटते. पानातले कॅडमियम फार वाढण्याआधीच जस्त पिकाला रोखतो.

भात याला अपवाद आहे आणि तो अपवाद फार महागात पडलेला आहे. जपानच्या तोयामा भागात जिंझू नदीच्या पाण्यावरच्या भातशेतीत कामिओका खाणीतून कॅडमियम आले. तिथल्या लोकांना, विशेषतः वयस्क स्त्रियांना, हाडे ठिसूळ होऊन असह्य वेदना देणारा इताई-इताई हा आजार झाला. 1968 मध्ये जपान सरकारने त्याचा कॅडमियमशी संबंध अधिकृतपणे मान्य केला. मातीत जस्तही होताच, तरी त्याने संरक्षण दिले नाही. पाणी भरलेल्या खाचरात कॅडमियम सल्फाइड बनून अडकून राहते. दाणे भरताना पाणी काढले की हवा आत शिरते, ते सल्फाइड मोडते आणि ऐन त्या दिवसांत कॅडमियम मुळापाशी मोकळे होते. दाण्यातले जस्त मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. पीक निरोगी दिसते आणि दाण्यात कॅडमियम भरलेले असते.

मग पाणी न काढता शेत भरलेले ठेवले तर? इथे आर्सेनिक आडवे येते. पाणी साठले की लोहाची ऑक्साइड विरघळतात, त्यांना चिकटलेले आर्सेनिक सुटते, त्याचे आर्सेनाइट होते आणि ते सिलिकॉनच्या दाराने दाण्याकडे निघते. पाणी ठेवले तर आर्सेनिक वाढते, काढले तर कॅडमियम. दोन्ही धातू असलेल्या जमिनीत भाताच्या पाण्याचे व्यवस्थापन म्हणजे या दोहोंतली तारेवरची कसरत. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाच्या मर्यादा पॉलिश केलेल्या तांदळासाठी कॅडमियम किलोमागे 0.4 मिलिग्रॅम आणि असेंद्रिय आर्सेनिक 0.2 मिलिग्रॅम अशा आहेत. मिश्र जमिनीत या दोन्ही मर्यादा एकाच वेळी पाळणे सोपे नाही.

आता तिसरी जागा, पेशीच्या आत. तग धरण्याचा प्रश्न इथला.

झाडे दोन प्रकारे तग धरतात. काही धातू मुळातच अडवून ठेवतात, वर पाठवत नाहीत. काही उलट वर ओढून पानांत साठवतात आणि तरी जगतात. ऍलन बेकर यांनी 1981 मध्ये ही विभागणी मांडली. दोहोंच्या मधे मातीच्या प्रमाणात धातू दाखवणारी झाडेही असतात. दोन्ही मार्गांत काम एकच असते, धातूला पेशीद्रवात मोकळे फिरू न देणे.

कॅडमियम पेशीत शिरल्यावर काही वेळातच झाड ग्लुटाथिओन या गंधकयुक्त रेणूंच्या साखळ्या जोडून फायटोकेलेटिन तयार करू लागते. या साखळ्यांतला गंधक धातूला पकडतो, आणि ती जोडगोळी रिक्तिकेत नेऊन कोंडली जाते. हे रेणू 1985 मध्ये म्युनिकमध्ये ग्रिल, विनाकर आणि झेंक यांनी झाडांत शोधले. मिश्रणाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की ही व्यवस्था कॅडमियम, आर्सेनाइट आणि पारा या तिघांसाठी एकच आहे. रिक्तिकेत ढकलणारी एबीसीसी-1 आणि एबीसीसी-2 ही वाहकेही सामाईक आहेत. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीच्या ज्या उत्परिवर्ती रोपांना फायटोकेलेटिन बनवता येत नाही, ती कॅडमियमनेही कोलमडतात आणि आर्सेनिकनेही.

म्हणजे मुळाच्या दाराशी कॅडमियम आणि आर्सेनिक एकमेकांना ओळखतही नाहीत, पण आत गेल्यावर एकाच साठ्यावर हात मारतात. तो साठा ग्लुटाथिओनचा, आणि त्यामागे गंधकाचा. ग्लुटाथिओनला दुसरेही काम असते, ऑक्सिडीकरणाच्या ताणापासून पेशी वाचवण्याचे. धातू बांधण्यात ते खर्ची पडले की पेशी उघडी पडते. त्यात तांबे आले तर हानी आणखी वाढते, कारण तांबे स्वतःच घातक मुक्तमूलके तयार करते. कॅडमियम साठा रिकामा करते आणि तांबे त्याच वेळी गरज वाढवते. म्हणून कॅडमियम-तांबे जोडी बेरजेपेक्षा जास्त घातक निघाल्याचे निष्कर्ष मला पटतात, विशेषतः गंधक कमी असलेल्या मातीत. तुमच्या मातीतले उपलब्ध गंधक तपासा, असे मी आग्रहाने सांगतो. मिश्र धातूंच्या कामात हा आकडा बहुतेक अहवालांत नसतोच.

जस्त आणि निकेल यांची आतली वाट वेगळी आहे. ते मुख्यतः मॅलेट, सायट्रेट, निकोटिअनामाइन अशा रेणूंच्या साथीने हाताळले जातात. निकेल साठवणाऱ्या अलिसम प्रजातीतल्या झाडांत हिस्टिडिन हे अमिनो आम्ल कामाला येते, हे 1996 मध्ये दिसले. म्हणून जस्ताला सरावलेले झाड आर्सेनिकलाही पुरून उरेल असे गृहीत धरू नका.

धातू साठवणाऱ्या नामांकित झाडांत हेच दिसते. अरॅबिडॉप्सिस हॅलेरी जस्त आणि कॅडमियम दोन्ही पानांत भरते, कारण मुळातून जलवाहिनीत धातू ढकलणाऱ्या एचएमए-4 या जनुकाच्या तिच्यात तीन प्रती आहेत आणि प्रत्येक प्रत जोरात चालते. 2008 मध्ये हे उलगडले. नोक्सिया सेरुलेसेन्स हीसुद्धा जस्त-कॅडमियमची. पण तिच्यातही दक्षिण फ्रान्समधल्या गांज भागातली रोपे कॅडमियम प्रचंड साठवतात, तर बेल्जियममधल्या प्रायोन भागातली त्यामानाने फार कमी. जात एक, वस्ती वेगळी, क्षमता वेगळी. आणि ही झाडे तांब्यापुढे दुबळी आहेत. जस्त-कॅडमियमसोबत तांबेही असलेल्या मातीत ती खुरटतात, मग त्यांच्या साठवणीच्या क्षमतेचा काही उपयोग उरत नाही. आर्सेनिक साठवणारा टेरिस व्हिटाटा हा नेचा 2001 मध्ये प्रकाशात आला. आर्सेनिकसाठी तो अप्रतिम आहे, पण त्यावरून तो जस्त-कॅडमियमही वर ओढेल असे म्हणता येत नाही.

चारही पेलणारे एक झाड आहे का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. चारही *साठवणारे* झाड मला माहीत नाही, आणि वरची यंत्रणा पाहता तशी अपेक्षाही मी करत नाही. चारही मुळाशी अडवून *तग धरणारी* झाडे मात्र मिळतात, आणि त्यांत गवते आघाडीवर आहेत. वेल्समधल्या जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांवर आपोआप निवडल्या गेलेल्या गवतांतून ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाण तयार केले : आम्ल शिसे-जस्त ढिगाऱ्यांसाठी ऍग्रॉस्टिसचे 'गॉगिनन', तांब्यासाठी 'पॅरिस', आणि चुनखडीयुक्त शिसे-जस्तासाठी फेस्टुकाचे 'मर्लिन'. एकाच कामासाठी तीन वाण लागले, कारण सहनशीलता त्या त्या धातूपुरती आणि त्या त्या मातीपुरती असते.

हिरव्या झाडांबद्दल. हिरवेपणा एवढेच सांगतो की ते झाड तग धरून आहे. पानात किती धातू आहे हे त्यावरून कळत नाही, आणि कॅडमियम पिकाला इजा होण्याच्या कितीतरी आधी खाणाऱ्याला घातक पातळी गाठते. तग धरणाऱ्या झाडांची मुळे पाहायची सवय मात्र लावून घ्या. कुंडी उलटी करून मातीचा गोळा पाण्यात हलवून सोडवा. तांब्याचा त्रास असेल तर मुख्य मूळ आखूड, टोके जाड आणि तपकिरी, बाजूची मुळे खुंटलेल्या बुटक्या फांद्यांसारखी, आणि बारीक केसाळ मुळे जवळजवळ नाहीशी. वर पाने अजून हिरवी असताना खाली हे चित्र असू शकते. पानांवरून रोगनिदान करायला बसलात तर काही आठवडे उशीर झालेला असतो.

पानांतल्या शिशाबद्दल एक वेगळीच सूचना. पालेभाजीच्या नमुन्यात शिसे जास्त निघाले तर ते आतून आले की बाहेरून बसलेल्या धुळीतून, हे आधी ठरवा. शिसे मुळातून वर फार थोडे जाते, त्यामुळे पानातले बरेचसे शिसे प्रत्यक्षात चिकटलेली माती असते. त्याच नमुन्यात टायटॅनियम मोजून घ्यायला सांगा. झाड टायटॅनियम जवळजवळ घेत नाही, म्हणून ते जास्त आले तर पानावर माती होती हे नक्की. नीट धुतलेला आणि न धुतलेला असे दोन नमुने दिले तर आणखी चांगले.

प्रयोगांचे निष्कर्ष वाचताना एक हिशेब स्वतः करत जा. समजा, एकट्या कॅडमियमच्या कुंडीत झाडाचे कोरडे वजन 10 ग्रॅम आणि पानात किलोमागे 20 मिलिग्रॅम कॅडमियम. मिश्रणाच्या कुंडीत वजन 4 ग्रॅम आणि कॅडमियम 35 मिलिग्रॅम. 'मिश्रणात शोषण वाढले' असे लिहिले जाईल. पण पहिल्या झाडाने एकूण 200 मायक्रोग्रॅम उचलले आणि दुसऱ्याने 140. शोषण घटले आहे. झाड खुरटल्यामुळे धातू दाट दिसतो एवढेच. दोन्ही आकडे दिलेले नसतील तर त्या निष्कर्षावर मी फारसा विसंबत नाही.

आता तुमच्या जमिनीकडे. धातू झाडांनी ओढून काढायचा विचार असेल तर आधी कागदावर आकडेमोड करू. एक हेक्टर, वरचा 20 सेंटिमीटरचा थर, घनता 1.3 धरली तर माती 2600 टन. त्यात कॅडमियम 7.8 किलो आणि शिसे 1040 किलो. हेक्टरी 5 टन कोरडा पाला देणारे आणि किलोमागे 100 मिलिग्रॅम कॅडमियम साठवणारे झाड एका कापणीत अर्धा किलो कॅडमियम काढते. कॅडमियम निम्मे करायला कागदावर आठ कापण्या. प्रत्यक्षात जास्त, कारण सहज सुटणारा भाग आधी संपतो. शिशाचे गणित त्याच पाल्यावर किलोमागे 100 मिलिग्रॅम धरून केले तर निम्म्यासाठी हजारावर कापण्या लागतात. ईडीटीए हे धातू पकडून विरघळवणारे रसायन टाकून शिसे सोडवण्याचे प्रयोग वाचाल, पण ते उघड्या जमिनीवर करू नका. ईडीटीए मातीत टिकून राहते आणि सुटलेला धातू मुळाला मिळण्याआधी पाण्याबरोबर खाली भूजलात जाऊ शकतो. कापलेल्या पाल्याचीही सोय लागते. तो चारा, खत किंवा सरपण म्हणून वापरता येत नाही.

म्हणून तुमच्या मिश्रणात मी धातू काढण्यापेक्षा जागच्या जागी अडवण्याकडे झुकतो : दाट, बारमाही, धातू वर न पाठवणारे गवत, जेणेकरून धूळ उडणार नाही आणि माती वाहून जाणार नाही. पण अडवण्यासाठी मातीत काय मिसळायचे, इथे मिश्रण पुन्हा अडचण करते. चुना घालून सामू वाढवला की कॅडमियम, जस्त आणि शिसे घट्ट बसतात, पण आर्सेनिक सैल होऊ शकते. स्फुरद घातले की शिशाचे पायरोमॉर्फाइट हे अत्यंत अविद्राव्य खनिज बनते, पण तेच स्फुरद आर्सेनिकला लोहाच्या ऑक्साइडवरून ढकलून पाण्यात सोडते. मुळाच्या दाराशी स्फुरद आर्सेनिकला अडवते हे खरे, पण मातीत सुटणारे आर्सेनिक हा फायदा बहुधा खाऊन टाकते. चांगले कुजलेले सेंद्रिय खत धातू धरते, पण त्यातून विरघळणारे सेंद्रिय पदार्थ तांबे आणि आर्सेनिक चालते करू शकतात. आर्सेनिक नसते तर मी बिनदिक्कत चुना आणि स्फुरद सुचवले असते. ते आहे, म्हणून लोहयुक्त सुधारक (मातीत मिसळायचा लोहाचा पदार्थ) आणि सोबत बेताचा चुना, सामू साडेसहाच्या आसपास राहील इतकाच, असा माझा कल राहील.

कल म्हणतो, कारण सामू आत्ता किती आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि तो 5 असेल तर उत्तर वेगळे, 8 असेल तर वेगळे. सामू आधीच 8 असेल तर चुन्याचा प्रश्नच मिटतो, आणि लक्ष आर्सेनिककडे वळवावे लागेल.

पुढची पायरी म्हणून तुमच्याच मातीच्या कुंड्या लावा. बाहेरून धातूचा क्षार घालू नका. एक कुंडी जशीच्या तशी, एक बेताच्या चुन्याची, एक लोहयुक्त सुधारकाची, एक दोन्हींची, प्रत्येकीच्या तीन-चार प्रती, आणि सगळ्यांत एकच गवत. माती वाफशावर ठेवा, पाणी साचू देऊ नका, नाहीतर आर्सेनिकचे रूपच बदलेल. शेवटी पाल्याचे कोरडे वजन आणि चारही धातू मोजा, आणि मातीचा कॅल्शियम क्लोराइडच्या 0.01 मोलर द्रावणातला अर्क काढून त्यातलेही. डीटीपीए या धातू पकडणाऱ्या दुसऱ्या रसायनाचा अर्क जस्त, तांबे, कॅडमियमसाठी ठीक आहे, पण आर्सेनिकसाठी तो बनवलेलाच नाही. प्रयोगशाळेने आर्सेनिकचा डीटीपीए आकडा दिला तर त्यावर निर्णय घेऊ नका.

तोवर त्या जमिनीतली पालेभाजी खाऊ नका. कॅडमियम पानांत सर्वांत जास्त साठते, शेंगवर्गीय पिकांच्या दाण्यांत आणि फळभाज्यांत त्यामानाने कमी. सामू, सेंद्रिय कर्ब, उपलब्ध स्फुरद आणि गंधक, आणि पावसात पाणी किती दिवस साचते, एवढे कळवा. ते आकडे आले की कोणते गवत आणि किती चुना यावर नेमके बोलता येईल.